ओई निवडताना विचारा: हा आकडा कोण बघणार?

ओपन इलेक्टिव्हची, म्हणजे आपल्या मुख्य विषयाबाहेरच्या ऐच्छिक पेपरांची (ओईची), यादी लागली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, यामा सोपा पेपर कोनता शे?" मी अमळनेरच्या आसपासच्या कॉलेजांत तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवते. मानधन तासाचं, चौकश्या दिवसभराच्या. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते. लिहितेय ते एका विशिष्ट जातीच्या पेपरांबद्दल. तंत्रज्ञानामुळे माणसाचं मीपण, म्हणजे "मी कोण" ही जाणीव, आणि त्याची कामगिरी यांचं काय होतं, हे तपासणारे पेपर. बीकॉमवाल्यांनी घ्यावेत, बीएस्सीवाल्यांनी घ्यावेत, आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांनी तर घ्यावेतच.

हे पेपर यादीत ओळखणं हीच पहिली अडचण. "तंत्रज्ञान आणि मीपण" अशी पाटी लावून कुठलाही पेपर येत नाही. मानसशास्त्र विभागाने काढला तर त्याचं नाव सायबर मानसशास्त्र किंवा क्रीडा मानसशास्त्र असतं. तत्त्वज्ञानवाल्यांनी काढला तर मन आणि यंत्र, किंवा तंत्रज्ञान आणि नीती. पत्रकारितेकडून आला तर डिजिटल माध्यमे आणि समाज, जिमखान्याकडून आला तर आरोग्य आणि फिटनेस. परदेशी विद्यापीठांत "विज्ञान, तंत्रज्ञान आणि समाज" नावाचे स्वतंत्र विभाग असतात, आपल्याकडे आयआयटींच्या मानव्यविद्या विभागांत असे विषय शिकवतात. तेव्हा नावावर जाऊ नका. अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडा आणि घटकांच्या यादीत शरीर, ओळख, पाळत, मापन, खेळ, सादरीकरण यांतले दोन-तीन शब्द एकत्र दिसतात का ते बघा.

नियमाचं थोडक्यात. ओई आपल्या मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचा घ्यावा लागतो. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं ३० तास. पेपर दोन क्रेडिटचा आहे की चारचा, हे आधी बघा आणि मग एसटीचं वेळापत्रक बघा. मी हे गमतीने म्हणत नाही. ओईचे तास सगळ्या शाखांना जमावेत म्हणून बऱ्याचदा सकाळी अगदी लवकर किंवा दुपारी अगदी उशिरा लावतात. पारोळ्याच्या पुढच्या खेड्यातून येणाऱ्या मुलीची शेवटची गाडी चुकत असेल तर जगातला सर्वोत्तम पेपरही तिच्या कामाचा नाही.

आता मुख्य कसोटी. पीडीएफच्या शेवटी अंतर्गत मूल्यमापनाची एक चौकट असते. पोरं तिथवर पोचतच नाहीत, कारण वर संदर्भ पुस्तकांची लांबलचक यादी बघून घाबरतात. तुम्ही उलट करा, शेवटापासून वाचा. अंतर्गत गुणांसाठी तुमच्याकडून काय करून घेणार आहेत? दोन चाचण्या आणि एक "असाइनमेंट" एवढंच लिहिलं असेल, तर पेपरचं नाव कितीही झगमगीत असो, तुम्ही गाइड पाठ करून बाहेर पडाल. नोंदवही, मुलाखत, निरीक्षण, सादरीकरण, छोटा प्रकल्प यांतलं काही असेल तर पेपर घ्या. या विषयात अभ्यासाचं साहित्य तुमच्या खिशात आणि मनगटावर आहे, आणि ते वापरायला न लावणारा पेपर अर्धाच.

दुसरी कसोटी म्हणजे शिकवणारं माणूस. मागच्या वर्षीच्या मुलांना एवढंच विचारा की तासाला चर्चा व्हायची की पीपीटी वाचून दाखवायचे. उत्तर द्यायला त्यांना वेळ लागत नाही.

या पेपरांत शिकायचं काय असतं, हे सांगितल्याशिवाय निवड होणार नाही, म्हणून तिकडे वळते. मी वर्गात सगळा विषय एका प्रश्नावर टांगते: हा आकडा कोण बघणार? तुमची पावलं, तुमचे ठोके, तुमचा १६०० मीटरचा वेळ, तुमच्या अंगठ्याचा ठसा, तुमच्या रीलचे व्ह्यूज. प्रत्येक वेळी कोणीतरी मोजतं आणि कोणीतरी बघतं. बघणारा बदलला की मोजला जाणारा माणूसही बदलतो.

दिवसाला दहा हजार पावलं हा आकडा आला कुठून? जपानमधल्या यामासा कंपनीने १९६५ च्या सुमारास पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आणलं, त्याचं नावच "मानपो-केई", म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आधी संशोधन झालं आणि मग आकडा ठरला असं घडलं नाही, विक्रीचा आकडा पुढे आरोग्याचा नियम होऊन बसला. २०१९ मध्ये अमेरिकेत वयस्क स्त्रियांवर झालेल्या एका अभ्यासात, साडेसात हजार पावलांच्या आसपास पोचल्यावर मृत्यूचा धोका आणखी कमी होताना दिसला नाही. हे ऐकल्यावर वर्गातली फिटनेसवाली मंडळी जरा हिरमुसतात.

पण मला यातली जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी बाजू. मुलांना घरच्यांची पावलं नोंदवून आणायला सांगितली की आईच्या रकान्यात हमखास अगदी थोडी येतात. विचारलं तर आई सांगते, "मोबाइल घरमा ऱ्हास, मी वावरमा." दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईचा फोन घरात चार्जिंगला, आणि बांधावर बसून व्हिडिओ बघणाऱ्या मुलाचा फोन त्याच्या खिशात. फोन कमरेला बांधून दिला तरी गोची सुटत नाही. फोनमधला सेन्सर चालण्यातले ठरावीक झटके ओळखून पाऊल मोजतो. वाकून, एका झाडावरून दुसऱ्यावर, पाय ओढत हळू सरकणं त्याला नीट कळत नाही आणि बरीच पावलं सुटतात. ज्या कामावर घर चालतं ते काम यंत्राच्या हिशेबात जवळजवळ शून्य. यावर एक चांगला प्रकल्प होतो आणि त्याला एक पैसाही खर्च येत नाही.

मनगटावरच्या घड्याळाचंही तसंच. त्याच्या पोटातून हिरवा प्रकाश कातडीवर पडतो, रक्त तो शोषतं, आणि ठोक्यागणिक शोषण्यात होणारा फरक मोजून घड्याळ ठोके सांगतं. पट्टा सैल असेल किंवा हात जोरात हलत असेल तर आकडा चुकतो. गोंदलेल्या कातडीवरही चुकू शकतो, कारण शाई प्रकाश अडवते. हे घड्याळ बनवणाऱ्या कंपन्याच आपल्या सूचनांत लिहितात. सातपुड्याच्या पायथ्याशी मनगटापर्यंत गोंदण असलेल्या आज्या काही कमी नाहीत. घड्याळ बनवणाऱ्याच्या डोळ्यासमोर कोणाचा हात होता, असा प्रश्न इथून सुरू होतो आणि पेपरातली "तंत्रज्ञान तटस्थ असते का?" ही प्रस्तावना पाठ न करता समजते.

ओळख हा भाग शिकायला तर खानदेशाइतकी चांगली जागा नाही. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, शहादा तालुक्यात, दिलं गेलं. पंतप्रधान स्वतः आले होते. दहा बोटांचे ठसे, दोन डोळ्यांची बुबुळं, चेहऱ्याचा फोटो आणि बारा अंकी क्रमांक. त्याआधी माणसाची ओळख "अमक्याची सून, तमक्या पाड्यावरची" अशी असायची आणि ती पटवून द्यायला चार माणसं लागायची. आता एक यंत्र पुरतं, पण ते यंत्र हो म्हणालं पाहिजे. विटा, कांदा, ऊस, माती यांत आयुष्य गेलेल्यांच्या बोटांच्या रेषा झिजतात. रेशन दुकानावर अंगठा लागत नाही तेव्हा समोर उभी असलेली बाई ती स्वतःच आहे, हे दुकानदाराला, शेजाऱ्याला, सगळ्यांना माहीत असतं. यंत्राला माहीत नसतं. मग बुबुळाचा किंवा ओटीपीचा मार्ग काढावा लागतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ ला दिला, तो आधारच्या वादातूनच पुढे आला. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा. परीक्षेत या तारखा विचारतातच, पण तारखांच्या आधी रेशन दुकानाच्या रांगेत अर्धा तास उभं राहून या.

आता भरतीवाले. त्यांना वाटतं हे सगळं कलावाल्यांचं बोलणं. पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची: मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांना १०० मीटर आणि गोळाफेक. पहाटे बायपासला पळणारी पोरं तुम्हीही बघितली असतील. त्यातले बरेच जण फोनच्या ॲपवर वेळ आणि अंतर बघतात. फोनच्या जीपीएसमध्ये उघड्या आकाशाखालीही काही मीटरची चूक असते, आणि गोल मैदानावर वळणं कापली जातात. म्हणून टेप लावून मोजलेल्या मैदानावर १६०० मीटर पळा, ॲप किती दाखवतं ते लिहा, आणि असं काही दिवस करून फरक मांडा. पेपरचा प्रकल्पही होतो आणि भरतीच्या दिवशी धक्काही बसत नाही. त्याच्या जोडीला आणखी एक नोंद ठेवा: एकटे पळताना, मित्रांबरोबर पळताना आणि सर शिट्टी घेऊन उभे असताना वेळ किती बदलते. क्रीडा मानसशास्त्राचा एक अख्खा घटक इथे संपतो.

त्यापुढचा प्रश्न वर्गात भांडणं लावणारा आहे आणि मला तो सर्वांत आवडतो: पळतंय कोण, माणूस की बूट? केनियाचा धावपटू एलिउड किपचोगे १२ ऑक्टोबर २०१९ ला व्हिएन्नात मॅरेथॉनचं अंतर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत धावला. अधिकृत विक्रम म्हणून ते धरलं गेलं नाही. कारण आळीपाळीने बदलणारे साथीदार धावक आणि पुढे गती दाखवणारी गाडी. शिवाय पायात खास बूट होतेच. पुढच्याच वर्षी जागतिक ॲथलेटिक्सने रस्त्यावरच्या शर्यतींसाठी बुटाच्या तळाची जाडी ४० मिलिमीटरपर्यंत बांधून टाकली. पोहण्यात २००८-०९ मध्ये नव्या पोशाखांनी विक्रमांचा पाऊस पाडला आणि २०१० पासून त्यांच्यावर बंदी आली. दोन्ही पाय गुडघ्याखाली नसलेला ऑस्कर पिस्टोरियस कार्बनच्या पात्यांवर धावायचा. २००८ च्या जानेवारीत त्याला "पात्यांचा फायदा मिळतो" म्हणून अडवलं, मे महिन्यात क्रीडा लवादाने ती बंदी उठवली, आणि २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये तो ४०० मीटरच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. आपली धावपटू द्युती चंद हिचं प्रकरण तर यंत्राविनाच: शरीरात नैसर्गिकरीत्या तयार होणाऱ्या संप्रेरकाचं प्रमाण जास्त म्हणून २०१४ मध्ये तिला बाहेर ठेवलं, २०१५ मध्ये लवादाने तो नियम स्थगित केला. ही चार प्रकरणं शेजारी शेजारी ठेवून वाद घाला. भरतीच्या मैदानावर अनवाणी पळणारा आदिवासी मुलगा आणि महागडे बूट घातलेला मुलगा यांची वेळ एकाच तक्त्यात बसते, हा मुद्दा दर वर्षी कोणीतरी काढतंच. काढावाच.

मीपणाचा भाग तत्त्वज्ञानाकडे जातो आणि तिथे पोरं गळतात. गळू नका, कारण हा भाग आपल्या गावचा आहे. अमळनेरात ज्या श्रीमंत प्रताप शेठजींनी कापड गिरणी काढली, त्यांनीच १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिरही सुरू केलं. एकीकडे शरीराचा वेळ पाळीत मोजला जात होता, दुसरीकडे "मी म्हणजे नेमकं काय" यावर विद्वान बसले होते, आणि दोन्हींचा खर्च एकाच घरातून! तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्यांचं "द सब्जेक्ट ॲज फ्रीडम" हे इंग्रजी पुस्तक १९३० साली इथूनच प्रसिद्ध झालं. त्यात मीपणाच्या पायऱ्या शरीरापासून सुरू होऊन मनाकडे आणि पुढे आत्म्याकडे जातात. पदवीच्या मुलांना ते जड जाईल, तेव्हा आधी अँडी क्लार्क आणि डेव्हिड चामर्स या तत्त्वज्ञांचा १९९८ चा युक्तिवाद घ्या: स्मृती गेलेला माणूस पत्ते वहीत लिहून ठेवतो आणि वही बघून चालतो, तर ती वही त्याच्या मनाचा भाग का धरू नये? वहीच्या जागी तुमचा फोन ठेवा. घरातल्या किती जणांचे नंबर तुम्हाला तोंडपाठ आहेत ते कागदावर लिहा, मग आजोबांना विचारा. चर्चेला पुस्तक उघडावं लागत नाही.

सादरीकरणाचा भाग मी फार लांबवत नाही, कारण त्यात तुम्ही माझ्यापेक्षा तरबेज आहात. माणूस लोकांसमोर एक असतो आणि पडद्यामागे दुसरा, हे अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात मांडलं. घरी अहिराणी, कॉलेजात पुस्तकी मराठी, मुलाखतीत इंग्रजी, असं जगणाऱ्या पोरांना हे वेगळं समजावावं लागत नाही. एवढं मात्र करून बघा: फोनचं मराठी व्हॉइस टायपिंग चालू करा, आजीला अहिराणीत पाच मिनिटं बोलू द्या आणि फोनने काय लिहिलं ते तिला वाचून दाखवा. तिचे कोणते शब्द फोनने बदलले, त्यावर ती काय म्हणाली, दोन्ही नोंदवा. अहिराणी गाणी आणि विनोदी व्हिडिओ यूट्यूबवर जोरात चालतात. मग त्याच भाषेची लिहिताना अडचण का होते, हा प्रश्न तुमच्यापुढे आपोआप येईल.

प्रकल्प करताना दोन-तीन गोष्टींची काटेकोर काळजी घ्या. माणूस घरचा असला तरी त्याची नोंद घेण्याआधी विचारा, आणि आई "लिखी ले" म्हणाली तरी काय लिहिलं ते तिला दाखवा. आरोग्याचे आकडे, पाळीच्या तारखा, झोपेच्या नोंदी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. सरांना द्यायच्या प्रतीत नावाऐवजी अक्षर वापरा. पहिले काही दिवस नुसते बघण्यात घालवा, कारण मोजमाप सुरू झालं की माणूस जास्त चालू लागतो आणि तो आकडा खोटा नसला तरी रोजचा नसतो. आणि निष्कर्ष चॅटबॉटकडून लिहून घेऊ नका. नीतीचं व्याख्यान मला द्यायचं नाही, व्यवहाराचं बोलते: तोंडी परीक्षेत मी तिसऱ्या दिवशी पावलं कमी का झाली एवढंच विचारते. ज्याने मोजलंय तो लगेच सांगतो, "मॅडम, त्या दिवशी पाऊस होता."

तुमच्या कॉलेजात असा पेपरच नसेल तर केंद्र सरकारचं ऑनलाइन पेपरांचं स्वयम् पोर्टल आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत पेपर त्यावरून करता येतात. सत्रं जानेवारी आणि जुलै अशी दोन. त्यावरच्या एनपीटीईएलच्या, म्हणजे आयआयटीवाल्यांनी चालवलेल्या, पेपरांना दर आठवड्याची असाइनमेंट असते, तिला २५ टक्के वजन आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५. शिकणं मोफत, परीक्षेला शुल्क. बारा आठवड्यांच्या पेपरात असाइनमेंटमधल्या सर्वोत्तम आठ धरतात, त्यामुळे केळीची कापणी चालू असताना एखादा आठवडा चुकला तर जीव जात नाही. मात्र नाव नोंदवण्याआधी कॉलेजच्या समन्वयकांकडून "हे क्रेडिट आम्ही धरू" असं लेखी घ्या. तोंडी होकार परीक्षेनंतर कोणाला आठवत नाही. परीक्षा केंद्र जळगावला मिळतंय की नाशिकला जावं लागणार, हेही शुल्क भरायच्या आधी पाहून ठेवा.

शेवटी कागदपत्रं. सगळी क्रेडिट्स ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जमा होतात आणि ते खातं डिजिलॉकरमधून आधारच्या आधारे उघडतं. इथे गाडं अडतं. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. एकीकडे वडिलांचं नाव पूर्ण, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. लग्न झालेल्या मुलींचे तर दोन्हीकडे वेगळे संसार. कोणता कागद कोणत्या कागदाप्रमाणे दुरुस्त करायचा, हे सेतू केंद्रावरच्या माणसाच्या सल्ल्याने ठरवू नका. आधी कॉलेजच्या परीक्षा विभागात दोन्हीच्या झेरॉक्स घेऊन जा, विद्यापीठाच्या नोंदीत नाव कसं आहे ते बघून घ्या आणि त्याप्रमाणे अर्ज करा. हे ओईची पसंती भरण्याच्या आठवड्यातच उरका. पसंतीच्या अर्जात तिन्ही क्रमांक भरा, एकच भरून थांबू नका, कारण पहिल्या पेपरला पुरेशी मुलं आली नाहीत तर तो रद्द होतो आणि मग तुम्हाला जिथे जागा उरली असेल तिथे टाकतात.